इचिन नदीचें पाणी आणि न दिसणारा दोर

गळ टाकून मासे धरण्याची विद्या हा विषय आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या स्वयंपाकघरांत मासा कधीं शिरला नाहीं अशा घरांतील वडील मंडळींस, कांहींसा चमत्कारिक वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या घरींही मत्स्याहार नाहीं, व ह्या वयांत तो सुरू करण्याचा विचारही नाहीं. परंतु विद्या कोणतीही असो, तिच्यांत मनुष्याची बुद्धि किती खोल गेली आहे हें पाहण्यास भोजनाचा निर्बंध आड येत नाहीं. धनुर्वेद वाचणारा प्रत्येकजण कांहीं पारधी होत नाहीं. शिवाय ह्या लेखाचा खरा विषय मासा नसून पाणी आहे. पाणी इतकें निर्मळ असावें कीं त्यांत लपवाछपवीस जागाच उरूं नये, आणि मासा इतका सावध असावा कीं केसाएवढी वस्तुही त्याच्या नजरेंतून सुटूं नये. अशा ठिकाणीं माणसाची युक्ति कशी चालते, तें सांगावयाचें आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेस हॅम्पशायर परगण्यांत विंचेस्टर नांवाचें जुनें शहर आहे. थोरला मुलगा साउदम्प्टन येथें नोकरीस असल्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत माझें तिकडे जाणें झालें, आणि विंचेस्टर तेथून आगगाडीनें वीसेक मिनिटांवरच असल्यानें आठवड्यांतून दोनदां तरी मी तेथें जाऊन बसत असें. नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकण्यापूर्वी वेसेक्सच्या राजांचें हें मुख्य ठाणें होतें. येथील भव्य प्रार्थनामंदिर 1079 सालीं बांधावयास घेतलें. जेन ऑस्टिन ही कादंबरीकर्त्री 1817 सालीं ह्याच गांवीं वारली व ह्याच मंदिरांत तिला पुरलें आहे. शहराच्या दक्षिणेस सेंट क्रॉस नांवाची बाराव्या शतकांतील धर्मशाळा आहे. दारीं येऊन मागणाऱ्या वाटसरूस पावाचा तुकडा व पेलाभर बिअर देण्याची तेथील चाल अजून मोडलेली नाहीं. आपल्याकडील अन्नछत्रांची आठवण होऊन पाव मीं घेतला. दुसऱ्या पदार्थास दुरूनच हात जोडले.

ह्याच मंदिराच्या एका लहान उपमंदिरांत आयझॅक वॉल्टन ह्याची समाधि आहे. हा गृहस्थ 1683 सालीं विंचेस्टर येथें, वयाच्या नव्वदीस आला असतां, वारला. ‘कंप्लीट अँगलर’ हें त्याचें मत्स्यविद्येवरील पुस्तक 1653 सालीं निघालें. समाधीवरच्या बाजूस रंगीत काचांची खिडकी असून ती 1914 सालीं गळ टाकणाऱ्या लोकांनीं वर्गणी करून बसविली. तींत वॉल्टन नदीकाठीं पुस्तक घेऊन बसलेला दाखविला आहे. राजे व धर्माध्यक्ष ह्यांच्या पंक्तीस मासे धरणारा एक व्यापारी बसावा, ह्याचें मला प्रथम नवल वाटलें. पण पुढें नदी पाहिल्यावर तें ओसरलें.

ह्या नदीचें नांव इचिन. लांबी फार नाहीं. सुमारें पंचेचाळीस किलोमीटर वाहून ती साउदम्प्टनच्या खाडीस मिळते. परंतु तिचा स्वभाव आपल्या नद्यांहून अगदीं निराळा. शाळेंतील खडूस इंग्रजींत ज्याचें नांव मिळालें, तो चॉक नांवाचा पांढरा सच्छिद्र चुनखडीचा दगड ह्या प्रदेशाखालीं पसरलेला आहे. हिवाळ्यांत पडलेला पाऊस त्या दगडांत मुरतो, गाळला जातो, आणि कित्येक महिन्यांनीं झऱ्यांच्या रूपानें वर येतो. झऱ्याचें पाणी बाराही महिने सुमारें दहा अंश उष्णतेचें असतें. त्यामुळें ही नदी उन्हाळ्यांत तापत नाहीं, हिवाळ्यांत गोठत नाहीं, आणि पाऊस पडला म्हणून लगेच गढूळ होत नाहीं. आषाढांत तांबड्यालाल होऊन धांवणाऱ्या कोंकणच्या नद्या ज्यानें पाहिल्या त्यास हें खरें वाटणार नाहीं. अशा नद्या साऱ्या पृथ्वीवर दोनशेंच्या आसपासच, व त्यांतील बहुतेक इंग्लंडांत आहेत. तळाचा गारगोटीचा खडा न् खडा व पाणवनस्पतींचें पान न् पान दिसतें. कवि कीट्स 1819 सालच्या सप्टेंबरांत ह्याच नदीकाठच्या कुरणांतून रोज फिरावयास जात असे, व त्यांपैकीं 19 तारखेच्या फेरीनंतर त्यानें शरद्ऋतूवरील आपली प्रसिद्ध कविता लिहिली.

पुलावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे प्रथम कांहींच दिसत नाहीं. मग एखादी सावली हालते, आणि सावलीच्या वर पिंगट अंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा आहे असें ध्यानीं येतें. पाण्यावरून वाहत येणारा किडा आला कीं तो हलकेंच वर येऊन तो टिपतो व पुन्हां जागेवर जातो. पुलावरून एखाद्यानें नुसता हात वर केला तरी तो बाणासारखा नाहींसा होतो. मासा आपणांस दिसतो त्याहून आपण त्यास अधिक दिसतों.

हें असें कां होतें, हें शाळेंतील प्रकाशशास्त्रानें सांगतां येतें. प्रकाश पाण्यांतून हवेंत जातांना वांकतो. त्यामुळें पाण्याखालच्या माशास वरचें सारें जग एका वाटोळ्या खिडकींतून दिसतें. त्या खिडकीचा कोन सुमारें 97 अंशांचा असतो. मासा दोन फूट खोल असेल तर खिडकीचा व्यास साडेचार फूट भरतो. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचें सर्व आकाश, काठावरचीं झाडें, माणसें, गुरें, हें सारें त्या साडेचार फुटांत दाटीवाटीनें बसलेलें असतें. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो व त्यांत नदीचा तळच प्रतिबिंबित दिसतो. ह्यावरून काठावरील मनुष्यास एक धडा मिळतो: जितकें खालीं वांकावें तितकी आपली आकृति खिडकीच्या कडेस चेपून अंधुक होते. म्हणून तेथील जुने खेळाडू तीस फुटांवरून गुडघे टेंकून, गवताच्या आडून, माशाच्या शेपटीकडून जातात. वयानें सत्तरी गांठलेले गृहस्थ चिखलांत रांगतांना मीं पाहिले आहेत. पाऊल जड पडूं नये ह्याचीही ते फार काळजी घेतात. कारण माशाच्या दोन्ही अंगांवरून जाणारी जी रेषा असते, ती पाण्यांतील सूक्ष्म कंप जाणते.

आतां मुख्य प्रश्न दोराचा. गळास बांधलेला दोर माशास दिसूं नये, ही चिंता वॉल्टनच्या वेळेपासूनची आहे. त्या काळीं घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोर करीत. वॉल्टननें केस रंगविण्याची कृति दिली आहे: बिअर, काजळी, अक्रोडाच्या पानांचा रस व तुरटी एकत्र उकळावी, थंड झाल्यावर केस त्यांत बुडवून ठेवावे, म्हणजे ते पाण्याच्या किंवा काचेच्या रंगाचे होतात. आमच्या वाचक भगिनींस ह्यांतील काजळी व तुरटी तरी परकी वाटणार नाहीं. त्याचा मित्र चार्ल्स कॉटन ह्यानें 1676 सालीं त्या पुस्तकास जोड दिली. त्याचा उपदेश असा कीं, स्वच्छ पाण्यांत दोर बारीक असावा आणि माणूस दूर असावा; व मोकळ्या नदींत दोन केसांच्या दोरानें वीस इंचांचा ट्राउट ज्यास काढतां येत नाहीं त्यानें स्वतःस गळवाला म्हणवूंच नये.

केसांच्या मागून रेशमी किड्याची तांत आली. कोश विणण्याच्या बेतांत आलेला किडा शिरक्यांत टाकीत व त्याच्या पोटांतील रेशमाची पिशवी ताणून तिचा एक लांब तंतु काढीत. स्पेन देशांतील मुर्सिया प्रांत ह्या धंद्यासाठीं प्रसिद्ध होता. ती तांत पोलादी पट्टीच्या भोंकांतून ओढून बारीक करीत. जितक्या वेळां ओढली तितके ‘एक्स’ तिच्या नांवापुढें लागत. तांत गेली, पण मोजणी राहिली. आजही गळाजवळच्या शेवटच्या बारीक तुकड्यास, ज्यास तेथें टिपेट म्हणतात, ‘पांच एक्स’, ‘सहा एक्स’ असें म्हणतात. हिशेब सोपा आहे: अकरांतून तो आंकडा वजा करावा, म्हणजे जाडी इंचाच्या हजारांशांत मिळते. पांच एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, अर्थात् सुमारें 0.15 मिलिमीटर, आपल्या डोक्याच्या केसाच्या साधारण दुप्पट.

1935 सालीं अमेरिकेंत नायलॉनचा शोध लागला आणि तांतीचें राज्य संपलें. पुढें 1971 सालीं जपानांत फ्लुओरोकार्बन नांवाच्या पदार्थाचा दोर निघाला. हल्लीं दुकानदार ह्यासच ‘अदृश्य’ म्हणून विकतात. ह्या शब्दांत कितपत तथ्य आहे तें पाहूं. शाळेंत एक प्रयोग मी दरवर्षीं मुलांस दाखवीत असें. काचेची कांडी पाण्यांत बुडविली तर ती स्पष्ट दिसते. तीच ग्लिसरिनमध्यें बुडविली तर जवळजवळ नाहींशी होते. कारण काच व ग्लिसरिन ह्यांचा प्रकाश वांकविण्याचा गुण बराचसा सारखा आहे. आकड्यांनीं सांगावयाचें तर पाण्याचा हा गुणांक 1.33, नायलॉनचा सुमारें 1.53 व फ्लुओरोकार्बनचा सुमारें 1.42 आहे. म्हणजे नवा दोर नायलॉनपेक्षां पाण्याच्या जवळ आला, पण पाण्याशीं एकरूप झाला नाहीं. तो कमी दिसतो. दिसत नाहीं असें नव्हे. विशेषण आणि प्रत्यय ह्यांतील फरक ज्यास समजतो त्यानें दुकानांतील पाट्या वाचतांना तो विसरूं नये.

त्याचे दुसरे दोन गुण मात्र खरे उपयोगी आहेत. तो पाणी शोषीत नाहीं, म्हणून भिजून नरम पडत नाहीं. आणि तो पाण्याहून पावणेदोन पट जड असल्यामुळें बुडतो. बुडणें हें स्वच्छ पाण्यांत अतिशय महत्त्वाचें. कारण दोर कितीही पारदर्शक असला तरी पृष्ठभागावर तरंगत राहिला म्हणजे पाण्याच्या कातड्यास त्याच्या वजनानें घडी पडते, आणि ऊन असेल तर त्या घडीची जाड सांवली तळावर पडते. दोर केसाएवढा, सांवली दोरखंडाएवढी! मासा दोरास भितो त्यापेक्षां ह्या सांवलीस अधिक भितो, असें मला नदीच्या राखणदारानें प्रत्यक्ष दाखविलें. त्यानें खिशांतून एक लहानशी डबी काढली व तिच्यांतील राखट रंगाचा लगदा बोटानें दोराच्या शेवटच्या हातभर भागास चोळला; तेवढा भाग बुडाला व तळावरची रेघ नाहींशी झाली. डबी हातांत घेऊन पाहतों तों ती आपली मुलतानी माती! आमच्या घरीं जी केस धुण्यास येई ती येथें दोराचा तेलकटपणा काढण्यास आली होती. तो माती व थोडें ग्लिसरिन घालून लगदा घरींच करतो.

इतकेंही करून मासा आमिष घेईल असा नेम नाहीं. नदीचा प्रवाह सर्वत्र सारख्या वेगाचा नसतो. दोर वेगाच्या धारेंत व कृत्रिम माशी मंद धारेंत असली कीं दोर तिला ओढतो, आणि खरा किडा कधीं जात नाहीं अशा रीतीनें ती पाण्यावरून घसरते. ट्राउटास हा कृत्रिमपणा तत्काळ कळतो. बारीक दोराचा मोठा फायदा येथें आहे: तो कमी दिसतो म्हणून नव्हे, तर लवचीक असतो म्हणून माशीस मोकळें वाहूं देतो. फ्लुओरोकार्बन त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षां ताठ. म्हणून तरंगत्या माशीस पुष्कळजण अजून नायलॉनच बांधतात व बुडत्या माशीस फ्लुओरोकार्बन.

तरंगती कीं बुडती, ह्या प्रश्नावर ह्याच परगण्यांत द्वैत-अद्वैताइतका कडाक्याचा वाद झालेला आहे. शेजारच्या टेस्ट नदीवरील फ्रेडरिक हॅलफर्ड ह्यानें 1886 व 1889 सालीं पुस्तकें लिहून असा पक्ष मांडला कीं, वर येऊन किडा टिपणारा मासा हेरावा व त्याच्या पुढें प्रवाहाच्या उलट दिशेनें तरंगती माशी टाकावी. त्याच्या अनुयायांनीं ह्यास धर्माज्ञेचें स्वरूप दिलें. विंचेस्टरच्याच शाळेंत शिकलेला स्क्यूज नांवाचा वकील इचिनच्या काठीं पन्नासांहून अधिक वर्षें गळ टाकीत होता. त्यानें ट्राउटाच्या पोटांतील अन्न तपासून दाखविलें कीं मासा बहुतेक आहार पृष्ठभागाखालींच घेतो. मग बुडत्या माशीस पाप कां म्हणावें? त्याचें पुस्तक 1910 सालीं निघालें, आणि 1938 सालीं लंडनच्या एका मंडळांत ह्या प्रश्नावर जाहीर वादविवादही झाला. आज दोन्ही पंथ एकाच नदीवर नांदतात. ज्यानें प्रत्यक्ष पोट उघडून पाहिलें त्याचें प्रमाण बलवत्तर ठरलें, हें मात्र शिक्षकाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां एक नाजूक गोष्ट. दोर बारीक करीत गेलें तर कोठें थांबावें? मासा फसविणें एवढाच हेतु असेल तर सात एक्स, आठ एक्स असें जावें. परंतु बारीक दोर जोरानें ओढतां येत नाहीं. म्हणून मासा फार वेळ खेळवावा लागतो व तो थकून अर्धमेला होतो. दोर तुटला तर गळ त्याच्या तोंडांत तसाच राहतो. म्हणून जाणते लोक सांगतात कीं, जो मासा स्वीकारील त्यांतला सर्वांत जाड दोर घ्यावा, गळास उलटा कांटा नसावा, माशास हात लावण्यापूर्वी हात भिजवावे म्हणजे त्याच्या अंगावरील बुळबुळीत कवच निघणार नाहीं, आणि शक्य तितक्या लवकर त्यास पाण्यांत सोडावें. पूर्वी दोरास शिशाचे मणी लावीत. ते गिळून हंस मरूं लागले, तेव्हां 1987 पासून तेथें लहान शिशांस कायद्यानें बंदी झाली. तुटलेला दोरही काठावर टाकूं नये. तो कुजत नाहीं व पांखरांच्या पायांत अडकतो. युक्ति जितकी सूक्ष्म, जबाबदारी तितकी मोठी.

एके दिवशीं नऊ वर्षांचा नातू माझ्याबरोबर होता. एका वृद्ध गृहस्थांनीं दोन तास खटपट करून धरलेला ट्राउट लगेच सोडून दिलेला पाहून तो म्हणाला, “आजोबा, सोडूनच द्यायचा तर धरायचा कशाला?” प्रश्न मला नीट उत्तर देतां येण्यासारखा नव्हता, म्हणून मीं तो त्या गृहस्थांसच इंग्रजींतून विचारला. ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “धरावयाचा नसता तर मी येथें आलोंच नसतों, आणि आम्ही कोणीच आलों नाहीं, तर पाणी कमी होतें आहे, घाण होतें आहे, हें ओळखणार कोण?”

उत्तर प्रामाणिक होतें. पण पुरें होतें असें मला वाटत नाहीं. माणसाचें लक्ष नदीकडे राहावें म्हणून माशानें किंमत द्यावी, हा सौदा माशास विचारून झालेला नाहीं. परंतु दुसरी बाजूही खोटी नव्हे. इचिन नदीस आज कायद्याचें विशेष संरक्षण आहे. तरीसुद्धां शहरांस पुरविण्यासाठीं तिचें पाणी उपसलें जातें, मैलापाण्यांतून व शेतांतून फॉस्फरस तिच्यांत येतो, आणि ज्या तळाच्या खड्यांत ट्राउट अंडीं घालतो त्यांवर गाळ बसतो. ह्याविरुद्ध ओरड करणाऱ्यांत गळ टाकणारे पुढें असतात. रोज पाण्याकडे टक लावून बसणाऱ्यास पाण्याचा रंग बदललेला आधीं कळतो.

आपल्याकडे ही विद्या अगदींच नव्हती असें कोणी समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत रचलेला ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ आहे. महाराष्ट्रांत स्त्रिया ओव्या गातात असा जुना उल्लेख त्यांत असल्यामुळें मराठीच्या अभ्यासकांस तो ठाऊक असतो. त्याच ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांचीं आमिषें, दोर व काठी ह्यांचें वर्णन केलेलें आहे. वॉल्टनच्या आधीं पांचशें वर्षें एक दक्षिणी राजा ह्या विषयावर श्लोक रचीत होता!

आणि ह्याच्या उलट टोंकाचें उदाहरणही आपल्याकडेच आहे. महाडजवळ वाळणकोंड येथील डोहांत देवीचे म्हणून मानलेले महसीर मासे आहेत. त्यांस कोणी धरीत नाहीं; लोक कुरमुरे टाकतात व मासे थव्यानें पायांशीं येतात. ट्राउट काय, महसीर काय, दोन्ही जातींस डोळे आहेत व दोन्ही सावध होऊं शकतात. एकीकडे हाताची सांवली पडतांच मासा पळतो. दुसरीकडे हात दिसतांच जवळ येतो. तेव्हां माशाचा भित्रेपणा हा केवळ स्वच्छ पाण्याचा परिणाम नव्हे. माणसानें त्याच्याशीं जें वर्तन केलें त्याची ती नोंद आहे.

विंचेस्टरास जाणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावरून आगगाडीनें सुमारें एक तास लागतो. शहरांतील जुन्या पाणचक्कीपासून नदीच्या कडेनें, कुरणांतून, सेंट क्रॉसपर्यंत पायवाट आहे. वृद्धांसही ती झेपते. गळ टाकण्याचा हक्क बहुतेक ठिकाणीं खाजगी आहे, आणि तेरा वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येकास काठीचा परवाना काढावा लागतो. नुसतें पाहण्यास मात्र कांहीं पडत नाहीं. पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा बरोबर न्यावा, पुलावर हात न हालवितां दहा मिनिटें उभें राहावें, आणि प्रथम सांवली शोधावी. मासा मागाहून दिसतो.